'पण लक्षात कोण घेतो?' मधली यमू एवढं मुकाट का सोसते, विरोध का करत नाही?

तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. तुम्ही लिहिलंय की हरि नारायण आपट्यांच्या या कादंबरीतली यमू सगळं मुकाट सोसते, कशालाच नाही म्हणत नाही, मग आजच्या मुलींनी असली रडकी बाई कशाला वाचायची? तो 'रडकी' शब्द मला लागला, म्हणून लिहायला बसले.

पहिलं म्हणजे यमू मुकाट नाहीये. अख्खी गोष्ट तीच सांगते, लहानपणापासून, 'मी' म्हणून. हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात ही क्रमशः छापली, तेव्हा ते स्वतः जेमतेम सव्विशीचे. आणि नवरा गेल्यावर तिने आपण होऊन डोकं पुढे केलेलं नाही, सासरच्या शंकरमामंजींनी जबरदस्तीने तिचं केशवपन करवलं. हे वाचूनही विरोध का केला नाही असं विचारत असाल तर मला वाटतं तुम्ही शेवट घाईत वाचलाय.

आणि विरोध करून जायचं कुठे? १८५६ पासून विधवेला पुन्हा लग्न करायला कायद्याने मोकळीक होती, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क जायचा. पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन १८८९ मध्ये सुरू झालं, म्हणजे कादंबरी यायला लागली तेव्हा ते वर्ष-दोन वर्षांचं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिथल्याच विधवा गोदूबाईंशी लग्न केलं तर त्यांच्या गावी, मुरुडला, त्यांना वाळीत टाकलं. ते पुरुष, कॉलेजात शिकवणारे, त्यांची ही गत. नवरा रघुनाथराव होते तोवर यमू मुंबईच्या बिऱ्हाडात लिहीत-वाचत होती, मोकळी होती, पण तो सगळा मोकळेपणा नवऱ्याच्या जिवावर होता, तो गेला आणि सगळं गेलं.

पण मला खरं वेगळंच सांगायचंय.

मी दहावीत असताना बाबा गेले. माझं लग्न १९९६ मध्ये झालं, सांगलीला. मी बी.कॉम., बँकेत नोकरी, पगार माझ्या हातात. आणि माझं कन्यादान कोण करणार याची घरात चर्चासुद्धा झाली नाही. काका-काकू करणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. देवक त्यांनी बसवलं, घाणा भरायला पाच सवाष्णी बोलावल्या, मला चुडा भरताना काकू शेजारी बसली, आणि आईकडे कार्यालयातल्या कोठीच्या खोलीची किल्ली दिली. सगळे म्हणत होते वहिनींच्या हातात कोठी आहे म्हणजे काळजी नाही, आणि ते कौतुकानेच म्हणत होते. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा मी अंतरपाटाच्या अलीकडे उभी राहून मान वळवून वळवून आईला शोधत होते. नंतर मामेबहिणीने सांगितलं की ती त्या वेळी पहिल्या पंगतीच्या जिलब्या मोजून देत होती. निघताना ओटी काकूने भरली. आई जवळ आली, माझा पदर खांद्यावरून घसरत होता तो सारखा करायला तिने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला, कारण पदरात ओटी होती.

मी काही बोलले नाही. मला वाळीत कोणी टाकणार नव्हतं, मारणार नव्हतं, कायदा माझ्या बाजूने होता, पोटापाण्याचं अडणार नव्हतं. यमूकडे यातलं एकही नव्हतं. तरी मी गप्प, कारण बोलायचं कोणाला? नको असं कोणी म्हणालंच नव्हतं.

पुढे बरीच वर्षं हा विषय मी काकांकडे काढत राहिले, आणि प्रत्येक वेळी त्यांचं एकच, अगं वहिनीच म्हणाल्या तुम्ही दोघं बसा, आम्ही काय त्यांना अडवलं होतं? जुन्या बायकांची श्रद्धा असते, त्यांना त्याचं काही वाटत नाही. शेवटी मी आईलाच विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "हो, मीच म्हटलं. कोणी सांगायच्या आत आपणच म्हणावं, म्हणजे मान राहतो."

तर तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं उत्तर हे आहे. कादंबरीत शंकरमामंजी आहेत, त्यांच्यावर राग काढता येतो. आमच्या घरात शंकरमामंजी कोणीच नव्हतं, सगळी प्रेमाची माणसं होती, तरी आई कोठीत आणि मी बोहल्यावर. केस कापायला न्हावी आणावा लागत होता तेव्हा निदान जबरदस्ती दिसत तरी होती. आता बाई स्वतःच मागच्या रांगेत जाऊन बसते आणि आपण म्हणतो तिची इच्छा. काका, तुम्ही हे वाचणार नाही, पण विचारलं कोणी नाही म्हणून ती 'मीच' म्हणाली, याला श्रद्धा म्हणत नाहीत.

आणि हे जुनं झालं असं कृपा करून म्हणू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला विधवा प्रथा बंद करायचा ठराव २०२२ मध्ये करावा लागला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, हे चालू होतं म्हणूनच ना?

तुमच्या घरात लग्न असेल आणि आई किंवा आत्या एकटी असेल तर पत्रिका छापायच्या आधी बोला. आयत्या वेळी नाही. गुरुजींना स्पष्ट सांगा की कन्यादान आई करणार, आमचे गुरुजी लगेच हो म्हणाले, अडचण गुरुजींची नसतेच. आणि तिला 'तुला चालेल का' असं विचारू नका, ती नाहीच म्हणणार. 'तू करणार आहेस' असं सांगा. २०२३ मध्ये माझ्या मुलीच्या लग्नात तिची ओटी माझ्या आईने भरली, पंचाहत्तराव्या वर्षी. आधी तीनदा नको म्हणाली. भरताना तांदूळ अर्धे खाली सांडले. काका समोरच खुर्चीवर बसले होते, काही बोलले नाहीत.

एक सांगायला हवं, काका वाईट माणूस नाहीत. बाबा गेल्यावर माझी कॉलेजची फी त्यांनीच भरली. आणि माझी आई म्हणजे सगळ्या विधवा नव्हेत, ज्यांना खरंच मनापासून पूजेत बसायचं नसेल त्यांना ओढू नका. तेवढं तुम्हीच ओळखा.

आजच्या मुलींनी वाचावी का? वाचावी, पण सुरुवातीचा भाग संथ आहे, भाषा जुनी आहे, दमाने घ्या. आणि यमूकडे बघताना भोवतालच्या बायकांकडेही लक्ष ठेवा, कोण काय बोलतं, कोण गप्प बसतं. यमूच्या मैत्रिणीबद्दल, दुर्गीबद्दल तर मी काही लिहिलंच नाही, नवऱ्याचा एवढा मार खाल्लेली बाई ती, तिच्यावर वेगळा प्रश्न टाकलात तर सवडीने लिहीन.