नाशिकचा पाऊस आणि आजीची ओटी

बाळ ओवी,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, गंगाखेडात थेंब नाही, अन् आजी टीव्हीवर नाशिकचा पाऊस बघून हात जोडते! मग गंगेला पाणी आलं की ओटी पण भरते. का?" नेमकी तेव्हाच रेंज गेली, म्हणून मस्कतहून लिहून पाठवतोय.

आपली गंगा म्हणजे गोदावरी. ती निघते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण मध्ये सह्याद्रीची भिंत. अन् इकडचं सगळं पठार उतरतं पूर्वेला. म्हणून बाई जवळचा समुद्र सोडून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते.

पावसाचे ढग मात्र पश्चिमेकडून येतात. घाटमाथ्यावर कोसळून घेतात. मराठवाड्याच्या वाट्याला उरलंसुरलं. नाशिककडची गंगापूर, दारणा ही धरणं भरली की पाणी खाली सुटतं आणि पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात येतं. शंभरावर टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं त्यात! आजोबांना त्याची टक्केवारी तोंडपाठ असते, बघ विचारून. १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणून भांडण ठरलेलं. आपली मागणी रास्तच आहे. पण वरच्या द्राक्षबागवाल्यालाही पोट आहे, हे आजोबांसमोर बोलू नकोस.

ओटीचं म्हणशील तर, गंगा आपल्याकडं सवाष्ण. भरून आली की तिचा मान करायचा. आजी घाटाच्या पायरीवर बसून पाण्यालाच हळदकुंकू वाहते, खण-नारळ सोडते, अन् ओली बोटं डोळ्यांना लावते. तिच्या सासूनंही असंच केलं. खण सुती असेल तर ठीक. ते नायलॉनचे चकचकीत खण मला पटत नाहीत, पाण्यात कुजत नाहीत ते.

आपल्यापुढं कंठेश्वरला पूर्णा मिळते, मग विष्णुपुरीचं धरण, नांदेड, आणि धर्माबादेनंतर तेलंगण.

एक मात्र ध्यानात ठेव. पैठणचे दरवाजे उघडले की गंगाखेडात कडक ऊन असतानाही नदी चढते. तेव्हा आजी सोबत असली तरच घाटावर जायचं, अन् खालच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत.

तुझा,
बाबा