फटींतून हवा फुकट येतेच, मग घर हवाबंद करून वर हवेचं यंत्र कशाला?

कॅनडात विनिपेगला १९६५ सालचं घर घेताय आणि विचारताय, की आधी पैसे घालून सगळ्या फटी बुजवायच्या, मग पुन्हा पैसे घालून बाहेरची हवा आत घेणारं यंत्र बसवायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला? जुन्या घरात हवा फुकट येतेच की. तुमचा प्रश्न वाचताना मला माझ्या मोठ्या दिरांचा आवाज ऐकू आला. अगदी हेच म्हणणं, अगदी हाच 'फुकट' शब्द. भाऊजी कॅल्गरीला असतात, आम्ही रेजायनाला, आणि हा वाद आमच्या घरात दर दिवाळीला नव्याने निघतो. उत्तर लांबणार आहे.

ती हवा फुकट नसते. आत जेवढी येते तेवढीच तुम्ही गॅस जाळून गरम केलेली हवा बाहेर जाते. शिवाय ती तुमच्या सोयीने येत नाही. उणे ३० आणि वर वारा, अशा रात्री नको इतकी येते. मे महिन्यात आत-बाहेर सारखंच तापमान असलं आणि वारा पडला की येतच नाही. बरं, येते कुठून? बेसमेंटच्या भिंतीवर जिथे लाकडी सांगाडा टेकतो तिथून, उंदरांच्या लेंड्या आणि जुनं फायबरग्लास यांतून वाट काढत. हे तरी एक वेळ चालवून घेऊ. खरं महागात पडतं ते तिचं बाहेर जाणं, आणि ते आम्ही भोगलंय.

आमचं घर १९६८चं, एकमजली, खाली बेसमेंट. २०१४ला घेतलं. २०१५च्या मार्चमध्ये बाहेर बर्फ वितळायला लागलं आणि हॉलच्या छतावर तपकिरी डाग उमटला, पोळीवर पडतो तसा. छप्परवाल्याला बोलावलं. तो शिडी लावून वर गेला, पाच मिनिटांत खाली आला आणि म्हणाला, छप्पर गेलंय. आठ हजार डॉलर मोजून उन्हाळ्यात नवीन छप्पर घातलं. पुढच्या फेब्रुवारीत दोन दिवस थंडी ओसरली आणि त्याच जागी डाग पुन्हा. त्याला फोन केला तर म्हणाला, आमचं काम चोख आहे, तुमचं तुम्ही बघा.

म्हणून मीच बघितलं. थंडी परत पडल्यावर कपाटातली ॲटिकची, म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्याची, झडप उचलून टॉर्च घेऊन वर चढले. छपराच्या फळ्या आतल्या बाजूने पांढऱ्या पडलेल्या होत्या. फ्रीजरमध्ये साचतो तसा बर्फ, आणि छपरावरच्या शिंगल्सचे (पातळ पट्ट्यांचे) जे खिळे फळीतून आत डोकावतात त्या प्रत्येकाच्या टोकावर भिजवलेल्या साबुदाण्याएवढा एकेक दाणा. शेकडो. मी झडप उघडली तशी घरातली उबदार हवा माझ्या कानांजवळून वर निघाली, तिचा झोत केसांना लागत होता. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. छप्पर कधी गळतच नव्हतं. आमच्या आंघोळींची, कुकरच्या शिट्ट्यांची, बेसमेंटमध्ये दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ फटींतून वर जाऊन गोठत होती आणि थंडी ओसरली की घरावरच बरसत होती. चार माणसांचं घर दिवसाला आठ-दहा लिटर पाणी हवेत सोडतं. गरम हवा वर चढते. बाहेर उणे ३० आणि आत २० म्हणजे पन्नास अंशांचा फरक, तेव्हा सगळं घर धुराड्यासारखं ओढतं. वरच्या फटींतून बाहेर, खालच्या फटींतून आत. रात्रंदिवस.

त्याच आठवड्यात ऊर्जा-तपासणी करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी पुढच्या दारात लाल कापडाचा पडदा ताणून बसवला, त्यात मोठा पंखा. याला ब्लोअर डोअर म्हणतात. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो, आत-बाहेरच्या हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक झाला की यंत्र सांगतं तासाला घरातली हवा किती वेळा बदलते. आमचा आकडा ७.८ आला. पंखा चालू असताना मी उदबत्ती पेटवली आणि घरभर फिरले. बाहेरच्या भिंतींवरच्या प्रत्येक प्लगपाशी धूर असा आडवा पळायचा की बघत राहावं. सगळ्यात जोरात पळाला तो देवघरामागच्या प्लगपाशी. सासूबाई आदल्या हिवाळ्यात आल्या होत्या तेव्हा रोज म्हणायच्या, निरांजनाची वात पश्चिमेलाच का झुकते गं? मी दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेत होते. त्यांना पूर्वेच्या भिंतीतून येणारा वारा त्या वातीत दिसत होता.

फटी मी स्वतः बुजवल्या. मेमध्ये, पहाटे, ॲटिक तापायच्या आत. प्लंबिंगचे पाइप जिथे छतातून वर जातात तिथे, जुन्या धुराड्याभोवती पत्रा लावून त्यावर आग सोसणारं सीलंट, दिव्यांच्या वायरींची भोकं, झडपेला फोमची पट्टी आणि वरून जाड इन्सुलेशन. मग बेसमेंटमध्ये लाकडी सांगाड्याची कड. सहा शनिवार-रविवार गेले. सामानाला पाचशे डॉलरही लागले नाहीत. सप्टेंबरात पुन्हा चाचणी केली तर आकडा २.६. आयुष्यात परीक्षेच्या निकालाचा इतका आनंद मला झाला नव्हता.

तपासणीवाल्या बाईंनी तेव्हाच लिहून दिलं होतं की आता एचआरव्ही बसवा, म्हणजे ऊब वाचवून घरातली हवा बदलणारं यंत्र. साडेतीन हजार डॉलरचं काम. यांनी भाऊजींना फोन लावला. भाऊजी म्हणाले, "अरे, हवेला कोण पैसे देतं? खिडकी उघडा की!" ते घरातले मोठे, इथे आमच्या आधी दहा वर्षं आलेले, स्वतः सिव्हिल इंजिनिअर. यांनी त्यांचं ऐकलं. मी गप्प बसले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या हिवाळ्यात सासूबाई पुन्हा आल्या. ईशान्येच्या खोलीत झोपायच्या. डिसेंबर लागला आणि काचांना घाम सुटला, मग काचेच्या तळाशी बर्फाची कड धरली. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं तर ४८ टक्के. बाहेर उणे ३० असताना दुहेरी काचांच्या घरात २०-२५ च्या वर जाऊ देऊ नये. सासूबाई उठल्या उठल्या म्हणायच्या, "या खोलीत जीव कोंडतो," आणि खिडकी उघडायच्या. पाच मिनिटांत खोली गारठायची, म्हणून आम्ही ती बंद करायचो. जानेवारीत त्यांच्या साड्या काढायला कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत खालून हातभर काळी. बुरशी. त्यांची एक नऊवारीही वासाने गेली.

भाऊजींचं म्हणणं, मी घर कोंडलं म्हणून बुरशी आली. "आपल्या सांगलीच्या घरात कौलांतून आभाळ दिसायचं, कुणाला काही झालं?" नाही झालं. कारण सांगलीत आत आणि बाहेर एकच हवा होती. भिंतीत शिरलेल्या वाफेला गोठायला जागाच नव्हती. तिथे फटी हव्याच. इथे त्याच फटींनी माझं छप्पर आतून भिजवलं. आणि बुरशी फटी बुजवल्याने आली हे अर्धंच खरं आहे. वाफेची चुकीची वाट मी बंद केली, ते बरोबरच केलं; तिला दुसरी वाट करून दिली नाही, ती चूक. ती चूक 'फुकट'वाल्या सल्ल्याची होती.

फेब्रुवारी २०१७ला एचआरव्ही लागला. बेसमेंटमधला एक डबा, दोन पंखे, मध्ये पातळ पापुद्र्यांचा गाभा. बाथरूममधली ओली, शिळी हवा एका बाजूने बाहेर जाते, ताजी दुसऱ्या बाजूने आत येते. दोघी पापुद्र्याच्या अलीकडून-पलीकडून जातात, मिसळत नाहीत, फक्त ऊब हस्तांतरित होते. ७० टक्के ऊब परत मिळाली तर बाहेरची उणे २० ची हवा आठ-नऊ अंशांवर येऊन फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीच्या, डक्टमध्ये पडते. वीज लागते शंभर वॅटच्या आतबाहेर. दहा दिवसांत आर्द्रता २८ वर आली आणि काचा कोरड्या झाल्या. सासूबाईंचा खोकला यानेच गेला असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी खिडकी उघडायचं सोडलं. छतावरचा डाग त्यानंतर आजतागायत नाही, आणि गॅसचा वापर साधारण पाव हिश्श्याने उतरला.

घर घट्ट करून यंत्राने हवा बदलणं हे काही जर्मनीचं खूळ नाही, जसं भाऊजी म्हणतात. जर्मनीतलं पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे तापवायला फारच थोडी ऊर्जा लागणारं घट्ट घर, डार्मस्टाटला १९९१ साली उभं राहिलं. आमच्या रेजायनात १९७७ सालीच सस्कॅचेवन कन्झर्व्हेशन हाउस बांधलं होतं: एक फुटाच्या आसपास जाडीच्या भिंती, फर्नेसच नाही, आणि हवा बदलायला ऊब वाचवणारं यंत्र. ते काम करणाऱ्यांपैकी हॅरल्ड ऑर यांना २०१५ साली जर्मनीच्याच पॅसिव्ह हाउस इन्स्टिट्यूटने सन्मान दिला. तुमच्या-माझ्या थंडीत, प्रेअरीवर शिकलेली ही गोष्ट आहे. कॅनडाच्या १९८२च्या आर-२००० या ऊर्जा वाचवणाऱ्या घरांच्या मानकात ब्लोअर डोअरच्या आकड्याची मर्यादा १.५ होती, पॅसिव्ह हाउसची ०.६. जुन्या घरात त्यामागे धावू नका. तीनच्या खाली आणलंत तरी फरक अंगाला जाणवेल.

तुम्हाला खर्चाचं गणित हवं होतं. ते मी मांडत नाही, कारण तुमच्या घराचा आकडा माहीत नाही. पण क्रम सांगते: आधी ब्लोअर डोअर, मग ॲटिकच्या फटी, मग बेसमेंटची कड, आणि एचआरव्ही त्याच वर्षी, पुढच्या नाही. खिडक्या बदलणं सगळ्यात शेवटी. खिडक्या विकणारा माणूस उलटं सांगेल.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. ॲटिकमध्ये चकचकीत, खड्यांसारखं राखाडी-सोनेरी इन्सुलेशन दिसलं तर हातही लावू नका, ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असू शकतो; आधी तपासून घ्या. गॅसचा गीझर जुन्या पद्धतीचा, उघड्या धुराड्याचा असेल तर घर घट्ट केल्यावर त्याचा धूर आत ओढला जाऊ शकतो. तो आधी बदला, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. विनिपेगच्या भागातही जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो, म्हणून हिवाळ्यात तीन महिने मोजणारी चाचणी बेसमेंटमध्ये ठेवा. कॅनडाची मर्यादा घनमीटरला २०० बेकेरल आहे. आणि फोडणीचा धूर एचआरव्हीच्या माथी मारू नका, तेलाने गाभा तुंबतो. ओट्यावरचा हूड वेगळा, थेट बाहेर सोडणारा हवा. एचआरव्हीचे फिल्टर तीन महिन्यांनी धुवायचे. आमच्याकडे ते काम आता हे करतात.

घरात कुणी मोठं 'खिडकी उघडा की' म्हणालं तर जानेवारीत त्यांना उत्तरेच्या खोलीत एक आठवडा ठेवा आणि शेजारी आर्द्रतेचं यंत्र ठेवा. भाऊजी या डिसेंबरात येतायत, त्यांची गादी मी ईशान्येच्याच खोलीत घालणार आहे, त्याच कपाटाशेजारी. तुमच्या चाचणीचा आकडा आला की इथे खाली लिहा, कुठून सुरुवात करायची ते सांगते.