आधी ती वही परत करा

प्रश्न (थोडक्यात; तालुका आणि धंदा गाळला आहे): मुलगी बारावी सायन्स झाली. नीटला अपेक्षेएवढे मार्क आले नाहीत, म्हणून यंदा लातूरला रिपीटरच्या बॅचला आहे. तिची आई तिच्यासोबत खोली करून राहते, मी गावाकडे दुकान बघतो. मागच्या पंधरवड्यात खोलीवर गेलो तेव्हा फिजिक्सच्या नोट्सखाली एक दोनशेपानी वही सापडली. आत जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवर पानंच्या पानं लिहिलेली. कोण बरोबर वागलं, कोण चुकलं, कुणी काय करायला हवं होतं. ती क्लासला गेली होती. वही मी सोबत घेऊन आलो. तिने अजून विचारलेलं नाही. दोन पानांचे फोटो जोडले आहेत. माझे मेव्हणे प्राध्यापक आहेत, त्यांनाही पाठवले. इंग्रजी फार छान आहे म्हणाले. समाधान एवढंच की लिहिलंय ते एका डॉक्टरबद्दल, म्हणजे मूळ आवड मेडिकलचीच असावी. हे वेड आत्ता कसं थांबवावं? आणि नीट नाहीच झाली, तर नैतिकतेची एवढी आवड यूपीएससीच्या इथिक्स पेपरला उपयोगी पडेल का? आम्ही दोघांनी काय सोसलं हे तिला तिची मुलं होतील तेव्हाच कळेल.

उत्तर:

नमस्कार. तुम्ही मार्क कळवलेत, कॅटेगरी कळवलीत, दर रविवारच्या टेस्टचा चढउतारही कळवलात. ते सगळं वाचलं आणि बाजूला ठेवलं. रिपीटरच्या वर्षात टेस्टचे मार्क असेच वरखाली होतात. मला काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या चार शब्दांची: ‘तिने अजून विचारलेलं नाही.’

तुम्ही हे असं लिहिलंय जणू तिच्या लक्षातच आलं नाही. एवढ्याशा खोलीत, जिथे एक कॉट, एक टेबल आणि एक गॅस आहे, तिथे रोज हाताशी असणारी वही नाहीशी होते, आणि ती वडील येऊन गेल्या दिवशीच नाहीशी होते. तिला पहिल्याच रात्री कळलं असणार. तेव्हापासून ती रोज आईच्या ताटाला ताट लावून जेवतेय, तुमच्याशी फोनवर बोलतेय आणि विचारत नाहीये. का विचारत नसेल? विचारलं तर ‘अभ्यास सोडून हे काय’ ऐकावं लागेल, भाड्याचा हिशेब निघेल, आई रडेल. त्यापेक्षा वही गेली तर गेली, असं तिने ठरवलं असावं. अठराव्या वर्षी मुलीने असं ठरवणं मला तिच्या केमिस्ट्रीच्या मार्कांपेक्षा गंभीर वाटतं. ती नीट जेवत-झोपत नसेल, बोलणं कमी झालं असेल, तर तिच्या आईला आजच विचारा, आणि १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा फोन नंबर घरात ठेवा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

मुलगी आमची, खोलीचं भाडं आम्ही भरतो, मग वही बघितली तर बिघडलं कुठे, असं तुम्हाला वाटत असेल. बिघडलं. पहाटे उठून क्लास, मग अभ्यासिका, मग डीपीपी म्हणजे क्लासने दिलेली रोजची सरावाची गणितं, मग रात्री आईच्या डोळ्यांसमोर उजळणी. या दिवसात कुणीही तपासणार नाही असं तिने एकच काही लिहिलं होतं. तुम्ही ते उचलून आणलंत, फोटो काढलेत, मेव्हण्यांकडून जणू पेपर तपासून घेतलात. आणि मेव्हण्यांनी तरी काय केलं? भाषा बघितली. खरं सांगू का, भाषेत भरपूर चुका आहेत. काळ चुकलेत, स्पेलिंग चुकलंय. विचार मात्र जागेवर आहे, आणि तो कुणी वाचलेलाच नाही.

तिची वाक्यं मी इथे छापणार नाही. ती तिची आहेत. पण ती कशाबद्दल आहेत ते सांगणं भाग आहे, कारण ‘डॉक्टरबद्दल लिहिलंय’ या समजावर तुम्ही तिचं पुढचं सगळं ठरवायला निघालात.

पुस्तक आहे ‘मिडलमार्च’. लेखिका जॉर्ज एलियट. नाव पुरुषाचं, बाईंचं खरं नाव मेरी अ‍ॅन एव्हान्स. १८७१-७२ मध्ये ते भागाभागाने निघालं. गोष्ट त्याच्या चाळीसेक वर्षं आधीच्या एका इंग्लिश गावातली. हे जाडजूड पुस्तक एम.ए.ला लावलं तरी अर्धा वर्ग गाइडवर भागवतो. कॉपीराइट संपल्यामुळे ते इंटरनेटवर फुकट मिळतं, तेव्हा ‘सारखी मोबाइलमध्ये असते’ या तुमच्या तक्रारीचा काही भाग इथेच निकाली निघावा.

यातला डॉक्टर लिडगेट तरुण, हुशार, पॅरिसला शिकून आलेला. त्याला संशोधन करायचंय, तापाच्या रुग्णांसाठी चांगलं इस्पितळ उभं करायचंय. इस्पितळाच्या नाड्या मात्र बल्स्ट्रोड नावाच्या धार्मिक सावकाराच्या हातात. सुरुवातीलाच एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट घडते. इस्पितळाला पगारी धर्मगुरू नेमायचा असतो, वर्षाला ४० पौंड. फेअरब्रदर हा माणूस लिडगेटचा मित्र, आणि त्याला त्या पैशांची गरजही असते. पण बल्स्ट्रोडला दुसरा हवा असतो, आणि लिडगेट मत त्या दुसऱ्याला देतो. पुढे लग्न होतं, घर सजतं, कर्ज वाढतं. बल्स्ट्रोड त्याला १००० पौंड देतो. त्याच सुमारास बल्स्ट्रोडचं जुनं पाप ठाऊक असलेला एक माणूस त्याच्याच घरात आजारी पडलेला असतो, लिडगेटच्या उपचाराखाली. दारू द्यायची नाही, अशी डॉक्टरची सक्त सूचना. बल्स्ट्रोड रात्री दारूच्या कपाटाची किल्ली मोलकरणीच्या हाती देतो. माणूस मरतो. लिडगेटला काहीतरी खटकतं, पण तो विचारत नाही. गाव दोघांकडे बोट दाखवतं, आणि लिडगेट स्वतःलाच विचारत बसतो: पैसे घेतले नसते, तर मी चौकशी केली असती का?

इथे ‘लाच घेऊ नये’ असं लिहून कुणीही पान उलटलं असतं. तुमच्या मुलीने ते केलेलं नाही. ती मागे गेलीय, थेट त्या ४० पौंडांच्या मतापर्यंत. त्या दिवशी लिडगेटने एक पैसाही घेतला नव्हता, मग घसरगुंडी तिथूनच सुरू झाली असं म्हणायचं का, यावर तिने दीड पान खर्च केलंय. आणि शेवटी, त्याच्या जागी मीही बहुधा तसंच मत दिलं असतं, अशी कबुली दिलीय. तो दोषी की निर्दोष, हे ठरवून ती मोकळी होत नाही. माझ्याकडे पदवीधरांची पत्रं येतात, त्यांत एवढा प्रामाणिकपणा क्वचित दिसतो.

तर, यावरून मेडिकलची आवड सिद्ध होते का? नाही. ‘हॅम्लेट’ वाचणाऱ्या मुलाला राजपुत्र व्हायचंय असं आपण म्हणत नाही. पण मग तिला आर्ट्सलाच घाला, असंही मी म्हणणार नाही, कारण मेव्हण्यांचा पुढचा सल्ला तो असेल. दोन पानांवरून मला ते कळत नाही. असंही असेल की तिला खरोखर डॉक्टर व्हायचंय, आणि आपण कसल्या डॉक्टर होऊ याची धास्ती वाटतेय. तसं असेल तर ती वही अभ्यासाच्या आड येत नाही. एमबीबीएसलाही २०१९ पासून वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ नावाचा भाग पहिल्या वर्षापासून शिकवतात.

आता इथिक्सच्या पेपरबद्दल, कारण हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर २०१३ पासून आहे, २५० मार्कांचा. त्यातले जवळपास निम्मे मार्क केस स्टडीचे. तिथे तुम्हाला जिल्हाधिकारी किंवा अभियंता करून एक पेच देतात. कुणाकुणाचं हित गुंतलंय ते मांडा, पर्याय सांगा, प्रत्येकाचे फायदेतोटे लिहा, एक पर्याय निवडा, कारण द्या, आणि मोजक्या मिनिटांत पुढच्या प्रश्नाकडे वळा. शासनाला अशीच माणसं लागतात, यात वावगं काही नाही. पण तुमची मुलगी करतेय ते याच्या उलट आहे. ती निर्णयाशी घाईने पोचत नाही, शंकेपाशी थांबते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमू शकतात, पण एकीचं शिक्षण दुसरीतून आपोआप मिळत नाही. बरं, वैकल्पिक विषय म्हणून इंग्रजी साहित्य घेतलं तरी अभ्यासक्रमात एलियटची ‘द मिल ऑन द फ्लॉस’ आहे, ‘मिडलमार्च’ नाही. आणि या परीक्षेला पदवी लागते, वयाची २१ वर्षं लागतात. नीटचा निकाल लागायच्या आधीच तिच्यासाठी दुसरी स्पर्धा परीक्षा शोधून ठेवायची ही घाई कशाला? मुलीला काही आवडतंय असं दिसलं की पहिला प्रश्न ‘याचे मार्क कुठे मिळतील’ हाच का येतो? आपल्याकडे गाण्याला ग्रेस मार्क, खेळाला कोटा, चित्रकलेला इंटरमिजिएट. वाचनाला अजून काही नाही, हे त्या मुलीचं नशीब.

पर्यायी वाटा एका ओळीत सांगते, कारण त्या कुठेही सापडतात: इंग्रजी साहित्यात बी.ए. बारावी सायन्सनंतरही करता येतं, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा, प्राध्यापकीसाठी एम.ए. आणि नेट किंवा सेट, कायद्याकडे जायचं तर राज्याची सीईटी किंवा क्लॅट.

तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मात्र मला थांबावं लागलं. त्याच पुस्तकात फ्रेड विन्सी नावाचा मुलगा आहे. बापाची इच्छा त्याने धर्मगुरू व्हावं, कारण त्यात घराण्याची इभ्रत. कॉलेजवर भरपूर खर्च केलेला. फ्रेडला त्यात काडीचा रस नाही. शेवटी तो केलेब गार्थ नावाच्या माणसाच्या हाताखाली जमिनींची व्यवस्था बघायचं काम धरतो. तेव्हा बाप म्हणतो, तुझी जबाबदारी मी सोडली. उद्या तुला मुलगा झाला, तर त्याने तरी तुझ्या कष्टांची बरी फेड करावी. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातल्या, परक्या मुलखातल्या बापाचं हे बोलणं आणि तुमचं वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा. एलियट फ्रेडला निर्दोष दाखवत नाही. तो आळशी आहे, आणि त्याच्या १६० पौंडांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या गार्थच्या घराला त्यातले ११० पौंड भरावे लागलेत. विन्सीचा खर्चही खरा आहे. तुमचाही खरा आहे: दोन ठिकाणचा संसार, दुकानात एकट्याने काढलेले दिवस. पण विन्सीच्या त्या वाक्याने फ्रेड सुधारत नाही. त्याला मार्गी लावतो तो गार्थ, ज्याचं नुकसान झालं तोच. तो उपकाराची आठवण काढत नाही. फ्रेडचं अक्षर बघून वैतागतो, आणि आधी अक्षर सुधार म्हणून कामाला बसवतो.

ही वही तुम्ही स्वतः लातूरला घेऊन जा. कुणाच्या हाती पाठवू नका, फोनवर सांगू नका. रविवारची टेस्ट झाल्यावर, तिची आई समोर असताना, तिच्या हातात द्या. मी उघडली, दोन पानं वाचली, फोटो काढले, दोघांना पाठवले, हे सगळं सांगा. एकातलंही गाळू नका, कारण मेव्हण्यांकडून तिला ते कळेलच. माफी मागा. त्याच बैठकीत ‘मग आता नीटचं काय’ हा विषय काढू नका. ती चिडली तर चिडू द्या. काहीच बोलली नाही, तरी प्रश्नांची सरबत्ती करू नका. पुन्हा रिपीट करायचं की नाही, हे यंदाची परीक्षा झाल्यावर तिच्याशी बोलून ठरेल. तोपर्यंत रोज तासभर ती वाचत-लिहीत असेल, तर त्या तासाने सीट जात नाही.

आणि पुढचं पत्र तुमच्याकडून नको. तिला विचारायचं असेल तर तिने लिहावं, मराठीत, इंग्रजीत, जमेल तसं. मी तिला उत्तर देईन, आणि ते तुम्हाला दाखवायचं की नाही हे ती ठरवेल. फोटो मी माझ्या फोनमधून काढून टाकले आहेत. मेव्हण्यांनाही तेच करायला सांगा.