कॅम्पर ट्रेलरच्या टपावर दुरुस्तीसाठी सुरक्षित कसं चढायचं?

तुम्ही लिहिलंय की कॅम्पर ट्रेलर (गाडीमागं ओढायचं फिरतं घर) गाडीपासनं सोडून दारात उभा आहे, टपावरच्या व्हेंटजवळनं, म्हणजे हवा जायच्या झरोक्याजवळनं, पाणी गळतंय, मागं शिडी बसवलेलीच आहे, मग तिच्यावरनं चढून सीलंट (फटी बुजवायचा चिकट मसाला) मारलं तर चालेल का. नाही चालणार. गाडीला जोडा आणि मग चढा, सोडलेल्या ट्रेलरवर मागच्या बाजूनं तर अजिबात नको.

एवढं ठामपणे सांगायला कारण आहे. माझं सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम आहे, ट्रॉल्या, टेम्पोच्या बॉड्या वगैरे. आमच्या साडूंना मधी कॅम्परचं वेड लागलं, तर एका ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या एकाच जोडीचा, ट्रेलर मीच बनवून दिला, घरचा माणूस म्हणून मजुरीसुद्धा धरली नाही. ॲक्सल मुद्दाम मधोमध न घेता जरा मागं घेतला, कारण एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढं हुकवर पडायलाच पाहिजे, नाहीतर हायवेला ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. साडू तो घेऊन तुळजापूरला जाऊन आले, घाटात सुद्धा काही तक्रार नाही. मग सप्टेंबरचा पाऊस लागला, आपल्याकडं तो कसा पडतो माहितीच आहे, आणि व्हेंटजवळनं गळायला लागलं.

तर रविवारी ह्यांनी गाडी सोडली, पुढच्या पेटीतली बॅटरी, सिलेंडर, सगळं साफसफाईला म्हणून बाहेर काढलं, कोपऱ्यातले जॅक खाली केलेच नाहीत आणि निघाले मागच्या शिडीनं वर. माणूस ९० किलोच्या पुढं, हातात पाण्याची बादली. मागच्या काठावर पाय टाकला तसं नाक वर, पुढचं छोटं चाक हवेत, मागचा बंपर फरशीला. साडू बादलीसकट शेजाऱ्यांच्या वाळूच्या ढिगात. मनगटाला प्लास्टर. बरं पडले ते पडले, पण तेव्हापासनं प्रत्येक लग्नात, बारशात सांगत फिरायलेत की ॲक्सल चुकीचा बसवलाय. अहो, पुढचं वजन तुम्हीच काढून घेतलं न मागच्या टोकाला तुम्हीच जाऊन उभारला, त्याला ॲक्सल काय करणार? चुकीचा असता तर घाटातच कळलं असतं की.

त्यांचं दुसरं म्हणणं, पूर्वी एसटीच्या टपावर पोती, सायकली, ट्रंका सगळं चढायचं, मग ह्याला काय झालं. एसटीच्या टपावर कॅरियर होतं, खाली लोखंडी सांगाडा होता. ह्याच्या वर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली थर्माकोल न प्लाय, आडवे पाईप दीड-दोन फुटावर. पाय पाईपच्या मधी पडला की पत्रा दबतो, तिथं पाणी साठतं, म्हणजे एक गळती काढायला गेला न दुसरी करून आला. व्हेंटच्या आणि वरच्या खिडकीच्या झाकणावर तर हातसुद्धा टेकू नका, आपल्या उन्हात ते प्लास्टिक पापडासारखं होतं. आणि ती मागची शिडी, तिच्याच स्क्रूच्या भोकातनं पाणी आत जाताना मी कितीतरी वेळा बघितलंय, आधी तिथं बघा.

माझं मत विचाराल तर टपावर चढूच नका. पेंटरकडनं दोन घोडे आणि एक जाड फळी भाड्यानं आणा, ट्रेलरच्या बाजूनं लावा, निम्म्याच्या वर काम उभ्यानं होतं. मधला व्हेंट हाताला आलाच नाही तर मग वर जा: गाडी जोडलेली, हँडब्रेक ओढलेला, ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडनं ठोकळे, चारी जॅक खाली. जॅक फक्त डुलणं थांबवायला असतात, त्यांच्यावर ट्रेलर उचलू नका. शिडी वेगळी लावा, टपाच्या वर तीन फूट निघेल एवढी लांब, चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, वरनं दोरीनं बांधलेली, आणि खाली धरायला माणूस. वर गेल्यावर पाईपांवर आडवी प्लायची फळी टाका, खालनं रबर लावून, आणि गुडघ्यावर सरका. काहीजण चादर अंथरा म्हणतात, सोलापूरची असली तरी पत्र्यावर ती घसरतेच.

सामान खिशात नको, दोरीनं वर ओढा. हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन फासू नका, नंतर त्याच्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, टपाचं सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे आपोआप पसरून सपाट होणारं, सीलंट मिळतं ते घ्या. दव वाळल्यावर सकाळीच काम उरका, एप्रिल-मेमध्ये दहानंतर पत्र्याला हात लागत नाही.

हां, तुमचा टप पत्र्याचा नसून रबरी असेल तर थिनर, पेट्रोलनं पुसू नका, रबर फुगतं. फायबरचा असेल तर किती वजन पेलतो ते बनवणाऱ्याला विचारा, माझा हिशोब पत्र्याचा आहे. आणि डोक्यावरनं लाईटची तार जात असेल तर आधी ट्रेलर हलवा, मगच शिडी उभी करा, बहुतेक शिड्या ॲल्युमिनियमच्याच असतात.