दोन वर्षांचा गेमिंग लॅपटॉप हल्ली अडकतो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं गेम मस्त पळतो, मग एकदम अडकायला लागतो. पूर्ण परफॉर्मन्स कसा मिळवू? फॉरमॅट मारू का?

नका मारू.

बाकीचं नंतर बघू, आधी हे. तुम्हीच लिहिलंय की सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं गेम मस्त पळतो आणि मग एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) धाडकन पडतात. विंडोजच बिघडलं असतं तर ते पंधरा मिनिटं थांबलं कशाला असतं?

इतक्या तावातावाने सांगतोय कारण या 'फॉरमॅट' शब्दापायी माझं बरंच काही गेलंय. २०२१ साली हप्त्यांवर लॅपटॉप घेतला. रायझन ७ ५८००एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. आम्ही परळला चाळीत राहतो, सगळ्यात वरचा मजला, दोन खोल्या. लॅपटॉप घरात आला त्या दिवसापासून आमच्या दाजींचं एकच पालुपद: "लॅपटॉपवर कोणी गेम खेळतं का रे? डेस्कटॉप घ्यायचास." डोंबिवलीच्या थ्री बीएचकेत बसून हे बोलायला काय जातंय. आमच्याकडे डेस्कटॉप आणायचा तर एक तर फ्रीज गॅलरीत जाईल, नाहीतर मी.

मी खेळायचो पोटमाळ्यावर. तिथे ताठ बसता येत नाही, डोक्यावर दीड हातावर पत्रा. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये वर चढलं की अंगाला भाकरीच्या तव्याची धग लागते. खाली गोधडी, गोधडीवर लॅपटॉप, शेजारी टेबल फॅन. बरोब्बर खाली देवघर. आई सकाळ-संध्याकाळ धूप घालते आणि तो धूर सरळ पोटमाळ्यावर येतो. हे लक्षात ठेवा.

दीड-दोन वर्षं झकास गेली. मग अडकायला लागला. एका दुकानात दाखवला तर त्याने बटणसुद्धा न दाबता सांगितलं, "मदरबोर्ड वीक झालाय." मदरबोर्ड वीक होतो हे मला तेव्हाच कळलं.

२०२३ च्या गणपतीत ताई-दाजी आले. आमच्याकडे दीड दिवसांचा असतो. दाजी बँकेच्या बॅक ऑफिसात आहेत, पण घराण्यात ते 'आयटीतले' म्हणून धरले जातात आणि त्यांच्या खिशात कायम एक पेनड्राइव्ह असतो. मी दादरला फुलं-दूर्वा आणायला गेलो होतो. सणाच्या गर्दीत दादर स्टेशनबाहेरून निघायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दाजींनी लॅपटॉप फॉरमॅट मारून काम उरकलं होतं. सी ड्राइव्ह तर सी, डीसुद्धा. विचारलं तर म्हणाले, "अरे, व्हायरस डीमध्येच बसतो." सत्तरेक तास खेळून साठवलेला गेमचा एक सेव्ह होता, क्लाउडवर न जाणारा. बाप्पासमोर आवाज चढवता येत नाही आणि जावयासमोर तर त्याहून नाही.

खरा त्रास पुढे आहे. त्या संध्याकाळी बाहेर पाऊस लागला होता. दाजींनी लॅपटॉप खालच्या खोलीत, स्टुलावर, सीलिंग फॅनखाली ठेवून गेम लावला. चाळीस मिनिटं एक झटका नाही! आई म्हणाली, "हात लागावा लागतो एखाद्याचा." पुढल्या रविवारी मी तोच लॅपटॉप, तोच गेम, तेच नवंकोरं विंडोज घेऊन पोटमाळ्यावर चढलो. बाराव्या मिनिटाला पुन्हा तेच.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते चालू ठेवून खेळलो आणि वहीत दर दोन मिनिटांनी आकडे लिहिले. सुरुवातीला प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झच्या वर आणि तापमान ऐंशीच्या आत. आठव्या मिनिटाला ९३. बाराव्याला ९६, आणि वेग घसरत घसरत अडीच गिगाहर्ट्झच्याही खाली. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. चिप जळू नये म्हणून ती स्वतःच पाय आखडता घेते. ग्राफिक्स कार्डाचंही तेच, त्याची रेघ ८७ च्या आसपास असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून सव्वाशे-दीडशे वॅट उष्णता करतात. म्हणजे जुने साठचे पिवळे बल्ब दोन-अडीच, आणि ती सगळी बोटाएवढ्या जाडीच्या जाळीतून बाहेर जायची असते. त्यातून पंखे आत ओढतात ती खोलीतलीच हवा. खोली २६ ऐवजी ३६ वर असेल तर आतला आकडाही साधारण तेवढाच वर जातो. परदेशी यूट्यूबवाला २१ डिग्रीच्या खोलीत बसून जे आकडे दाखवतो ते परळच्या पत्र्याखाली कसे यायचे?

मग उघडला. तळाला अकरा स्क्रू, त्यातले पुढचे चार आखूड आणि मागचे लांब. मी एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या त्या जागी स्क्रू खुपसून ठेवले. हे कराच, कारण लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर वर कीबोर्डाला टेंगूळ येतं. क्लिपा जुन्या एटीएम कार्डाने सोडवल्या. आधी बॅटरीची पिन काढली. पंख्याची पाती बघितली तर जवळपास स्वच्छ, म्हणून क्षणभर वाटलं की दाजी बरोबर होते. पण घाण पात्यांवर नसते. ती पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत बसते. पंख्याचं झाकण काढलं तर आत राखाडी पट्टी, घट्ट, नमद्यासारखी. ताईच्या भुवयांच्या चिमट्याने एक टोक धरून ओढली आणि अख्खी पट्टी सलग बाहेर आली. वितभर नसेल, पण बोटभर नक्की. गोधडीचा कापूस, त्यावर धुपाचा चिकटा, त्यावर मुंबईची दमट हवा. नाकाशी नेली तर देवघराचा वास!

आई म्हणाली, "बघ, देवाचं आहे ते." मी काही बोललो नाही.

परत लावून त्याच पोटमाळ्यावर, तोच गेम, एक तास: ८५ च्या वर गेला नाही. खर्च शून्य. मागून उचलायला कॅरमच्या सोंगट्या, मागच्या दोन पायांखाली तीन-तीन, डबल टेपने चिकटवलेल्या. आणखी तीन-चार डिग्री तिथे गेल्या. कॅरममध्ये आता सहा सोंगट्या कमी आहेत, त्यावरून चुलतभाऊ अजून बोलतो.

तर तुमचं. गोधडी, उशी, गादी बंद. खाली काहीतरी कडक हवं आणि मागून अडीच-तीन सेंटीमीटर उंची. निळे दिवे लागणाऱ्या दोन हजारांच्या कूलिंग पॅडपेक्षा हे पुरतं. साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, फुंकरीने गरगर फिरू देऊ नका. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांत बाजूला सरकते. सफाईनंतरही नव्वदीच दिसत असेल तरच तिला हात लावा. मी पुढल्या वर्षी लॅमिंग्टन रोडवरून पेस्टच्या जागी फेज चेंज पॅड आणून बसवला, हनीवेलचा पीटीएम७९५०. तो गरम झाला की मऊ होऊन पसरतो आणि पेस्टसारखा ओघळून जात नाही.

एफपीएसला लगाम घाला. स्क्रीन १४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारी असेल आणि गेम २२० काढत असेल तर वरचे ७६ तुम्हाला दिसत नाहीत, फक्त उष्णता होतात. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मर्यादा टाकता येते. दुसरी युक्ती बऱ्याच जणांना पटत नाही: विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांची ९९ करा. बूस्ट, म्हणजे प्रोसेसरची ज्यादा वेगाची उडी, बंद होतो, प्रोसेसर थंड पडतो आणि ग्राफिक्स कार्डावर भार असलेल्या गेममध्ये वाचलेले वॅट कार्डाला मिळतात. व्हॅलोरंटसारखा प्रोसेसर खाणारा गेम असेल तर मात्र उलट नुकसान होईल. तिथे १०० च ठेवा.

चार्जर लावूनच खेळा, लॅपटॉपसोबत आलेलाच. बॅटरीवर एवढे वॅट निघतच नाहीत, त्यामुळे लोकलमध्ये खेळून 'परफॉर्मन्स नाही' म्हणू नका. बॅटरीला ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर चालू करा. चाळीत राहत असाल तर पिनचं अर्थिंगही बघून घ्या. मनगटाला झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलवा, तो लॅपटॉपचा दोष नाही.

पहिल्या मिनिटापासूनच अडकत असता तर मी वेगळं सांगितलं असतं. तेव्हा आधी रॅम बघायची. एकच ८ जीबीची पट्टी असेल तर तसलीच दुसरी टाकली की फरक डोळ्यांना दिसतो. मक्स स्विच (स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सला जोडायची ते ठरवणारा) असेल तर गेमसाठी डिस्क्रीटवर, म्हणजे वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर ठेवा, नाहीतर चित्र आधी आतल्या छोट्या ग्राफिक्समधून फिरून येतं. आणि 'माझ्याकडेही ३०६० आहे मग मित्राचा पळतो तसा का नाही' हे विचारू नका. एकाच नावाचं कार्ड ६० वॅटलाही येतं आणि ११५ लाही. ते विकत घेतानाच ठरतं, नंतर काही करता येत नाही. अंडरव्होल्टिंग, म्हणजे प्रोसेसरला थोडा कमी व्होल्टेज देणं, जमलं तर उत्तम, पण २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाचं सुरक्षेतलं छिद्र उघड झाल्यापासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांना बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्येच) त्याला कुलूप असतं.

वॉरंटी असेल तर उघडण्याआधी कंपनीला विचारा, हे वरच लिहायला हवं होतं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर फॉरमॅटने कधीच फरक पडत नाही असं नाही. पायरेटेड गेमबरोबर काही आत आलं असेल, किंवा ड्रायव्हरवर ड्रायव्हर चढवून खिचडी झाली असेल, तर पडतो. तरी आधी डीडीयूने (ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) ग्राफिक्सचा ड्रायव्हर साफ काढून नवा टाकून बघा, आणि फॉरमॅट मारायचाच तर आधी सेव्ह फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. स्वतःच्या पेनड्राइव्हवर.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. भाच्याचा लॅपटॉप अडकतोय, दाजींनी दोनदा फॉरमॅट मारला, आता मदरबोर्ड बदलायचं म्हणतायत. मी विचारलं, ठेवतो कुठे? म्हणाली, "बेडवर, ब्लँकेटवर. का रे?" रविवारी स्क्रू ड्रायव्हर आणि पुठ्ठा घेऊन डोंबिवलीला जातोय. चिमटा तिच्याकडेच आहे.