लाएर्तेस: एक नाव, एक व्याकूळ बाप आणि एक चिडलेला भाऊ

प्रश्न असा आलाय की 'ओडिसी'मध्ये ओडिसिअसच्या बापाचं नाव आणि 'हॅम्लेट'मध्ये ओफेलियाच्या भावाचं नाव एकच कसं, त्याचा अर्थ काय, आणि मराठीत ते लिहायचं कसं. पहिल्यांदा एक गोष्ट उरकून टाकतो. शेक्सपिअरने ओडिसीतलं पात्र उचलून नाटकात घातलं असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला सारखे भेटतात आणि ते साफ चूक आहे. एक इथाका बेटावरचा म्हातारा राजा, मुलगा वीस वर्षं परतला नाही म्हणून शेतावर जाऊन राहिलेला, दुसरा डेन्मार्कच्या दरबारातल्या पोलोनिअस या राजाच्या सल्लागाराचा पोरगा, पॅरिसला गेलेला आणि बाप मारला गेला म्हणून सुडासाठी परत आलेला. नाव सोडलं तर दोघांचं काही नातं नाही.

आता उच्चार. 'लॅर्ट्स', 'लार्टस', परवा तर एका व्हिडिओत चक्क 'लेटर्स' ऐकलं. अहो, तीन अवयव आहेत त्या नावात! ग्रीकमध्ये ला-एर्-तेस, इंग्रजीत ले-अर्-टीझ. काही इंग्रजी पुस्तकांत त्यातल्या ई अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं छापतात ती शोभेला नसतात, मागचा स्वर आणि हा स्वर वेगळे वाचा एवढंच ती सांगतात.

आणि ते वेगळे का, तर इथे खरी गंमत आहे. त्या 'ला'च्या पुढे एकेकाळी 'व' होता. मूळ शब्द 'लावोस', म्हणजे लोक, त्यातही होमरकडे बऱ्याचदा राजामागे लढायला निघालेले लोक. पुढे ग्रीकमधला हा 'व' झडला, 'लावोस'चं 'लाओस' झालं, आणि आपल्या नावात आ आणि ए एकमेकांसमोर उघडे पडले. हा 'व' कोणाच्या कल्पनेतला नाही, ग्रीसमधल्या पीलोसला सापडलेल्या, होमरच्याही आधीच्या मातीच्या पाट्यांवर 'लावागेतास' म्हणजे लोकांचा पुढारी असं पद लिहिलेलं आहे, 1952 साली मायकेल व्हेन्ट्रिसने ती लिपी उलगडली तेव्हा हे सगळं वाचता आलं. ट्रॉयच्या कथेतल्या हेलनच्या नवऱ्याच्या नावात, मेनेलाओसमध्ये, हाच लाओस. निकोलाओस म्हणजे विजय अधिक लोक, त्याचं निकोलस, जर्मन-डच बाजूला निक्लाउस, क्लाउस, आणि तिथून नाताळात येणारा सांताक्लॉज. म्हणजे सांताक्लॉजच्या 'क्लॉज'मधला 'लॉ' आणि लाएर्तेसचा 'ला' एकाच घरचे! चर्चमधल्या सामान्य जनतेला इंग्रजीत 'लेइटी' म्हणतात तोही इथूनच. मला हे जितक्या वेळा सांगावं तितका आनंद होतो.

उरलेला 'एर्तेस' बहुतेक कोश उठवणे, चेतवणे अशा अर्थाच्या धातूकडे नेतात, ग्रीक 'ओर्नुमी', ज्याचा भाऊबंद म्हणून संस्कृतचा 'ऋ' धातू, 'ऋणोति', दाखवतात. म्हणजे लोकांना उठवणारा. झाला अर्थ.

आता इथे एक मोठा मोह आहे आणि भलेभले त्यात पडतात. हॅम्लेटच्या चौथ्या अंकात लाएर्टीस परत येतो तो एकटा येत नाही, जमाव घेऊन येतो, दारं फोडली जातात आणि लोक ओरडतात की लाएर्टीसच राजा होणार. बघा, लोकांना उठवणारा! मग लगेच निष्कर्ष की शेक्सपिअरने अर्थ बघूनच नाव ठेवलं. मला हे अजिबात पटत नाही. त्याच्या काळातल्याच बेन जॉन्सन या नाटककाराने 1623च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या छापील संग्रहात, शेक्सपिअरला लॅटिन थोडं आणि ग्रीक त्याहून कमी येत होतं असं लिहून ठेवलंय, आणि ज्या काळात 'व' झडल्याचा कोणाला पत्ता नव्हता त्या काळात तो बसून समास सोडवत होता म्हणणं म्हणजे आपल्या हातातला कोश त्याच्या हातात देणं. 1603च्या पहिल्या छापील प्रतीत तर हे नाव 'लेआर्टीस' असं स्वरांची अदलाबदल होऊन छापलंय, अर्थाची कोणाला एवढी काळजी असती तर निदान नाव तरी धड ठेवलं असतं.

मग नाव आलं कुठून? डेन्मार्कच्या मूळ कथेतून नाही. डेन्मार्कचा जुना इतिहासकार सॅक्सो याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या आम्लेथच्या, म्हणजे मूळ हॅम्लेटच्या, गोष्टीत चोरून ऐकणारा सल्लागार मारला जातो, पण त्याचा सूड घ्यायला येणारा मुलगा तिथे नाहीच. चॅपमन या कवीने केलेल्या होमरच्या इंग्रजी भाषांतरातूनही नाही, कारण 1598ला इलियडचे फक्त सात सर्ग निघाले होते, ओडिसी हॅम्लेटच्या खूप नंतर. रोमन कवी ऑव्हिडमध्ये ओडिसिअसला लाएर्तेसचा मुलगा म्हटलंय आणि ऑव्हिड त्या काळच्या शाळेत शिकवत, हे बरेच एडिटर सांगतात आणि तिथेच थांबतात. मला राग त्या थांबण्याचा आहे.

कारण पुरावा शेक्सपिअरच्याच नाटकात पडलाय. 'टायटस अँड्रॉनिकस', छापलं 1594 साली, पहिला अंक. टायटसने स्वतःच्या हाताने मुलाला मारलंय आणि आता त्याला घराण्याच्या थडग्यात जागा द्यायला तयार नाही. तेव्हा त्याचा भाऊ मार्कस त्याला दाखला देतो, की ट्रॉयच्या युद्धातल्या एजॅक्स या ग्रीक योद्ध्याने आत्महत्या केली होती तरी ग्रीकांनी त्याला पुरलं, कारण शहाण्या लाएर्टीसच्या मुलाने (म्हणजे ओडिसिअसने) त्याच्या अंत्यविधीसाठी रदबदली केली. नीट बघा काय काय आहे यात. आत्महत्या, अंत्यविधी नाकारणं, आणि विधीसाठी भांडणाऱ्याच्या जोडीला लाएर्टीस हे नाव. आता हॅम्लेटचा पाचवा अंक उघडा. ओफेलियाचा मृत्यू संशयास्पद म्हणून पाद्री अर्धामुर्धा विधी करतो आणि तिचा भाऊ दोनदा विचारतो, अजून काय विधी? त्याआधी बापालाही गुपचूप पुरलं, ना तलवार ना मानचिन्ह, म्हणून तोच तडफडलेला असतो. अख्ख्या नाटकात नीट अंत्यविधीसाठी भांडणारा माणूस कोण, तर लाएर्टीस!

आणि हे ओझं या नावावर आधीपासूनच आहे. ओडिसिअसची बायको पेनेलोपी दिवसा विणते आणि रात्री उसवते ते वस्त्र कोणाचं? म्हाताऱ्या लाएर्तेसचं कफन. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं एजॅक्सवरचं नाटक सुरू होतं तेच अथीना देवी ओडिसिअसला 'हे लार्तिओसच्या मुला' अशी हाक मारते तिथून (वृत्तासाठी तिथे नाव आक्रसलंय, ती सूट सोफोक्लीसला, व्हिडिओवाल्यांना नाही), आणि संपतं ते त्याच मुलाने शत्रूच्या प्रेताला मूठमाती मिळवून दिल्यावर. शेक्सपिअरने ते ग्रीक वाचलं होतं असं मी म्हणत नाही. पण एजॅक्सच्या दफनाची गोष्ट त्याच्या रंगभूमीवर लाएर्टीसच्या नावासकट बोलली गेली होती, ते छापून पडलंय, आणि काही वर्षांनी आत्महत्येच्या संशयाने विधी नाकारलेल्या बहिणीसाठी भांडणाऱ्या भावाला नाव हवं झालं तेव्हा तेच वर आलं असं माझं ठाम मत आहे.

जाता जाता, हीच 'लाएर्तेसच्या मुला' हाक आणखी एकाला चिकटली. होमर ओडिसिअसला वारंवार 'दिओगेनेस लाएर्तिआदे' म्हणतो. लाएर्तिआदेस हे आपल्या दाशरथीसारखं अपत्यनाम. आणि दिओगेनेस म्हणजे झ्यूसपासून जन्मलेला, झ्यूस म्हणजे आपला द्यौः, गेनेस म्हणजे आपला जन् धातू, सरळ 'दिविज' म्हणा ना! तत्त्ववेत्त्यांची चरित्रं लिहिणारा डायोजेनीस लेअर्शिअस, त्याचं आडनाव आजच्या तुर्कस्तानात येणाऱ्या सिलिसियातल्या लाएर्तेस नावाच्या किल्ल्यावरून आलं असं जुने लोक सांगतात. विलामोवित्झ हा जर्मन अभ्यासक म्हणाला की नाही, डायोजेनीस नावाचे खंडीभर लोक होते म्हणून याला होमरच्या ओळीवरून टोपणनाव पडलं. मी पूर्ण विलामोवित्झच्या बाजूने. ज्या समाजात पोरं होमर पाठ करून मोठी होतात तिथे दिओगेनेस म्हटल्यावर पुढचा शब्द आपोआप तोंडात येणारच.

लिहायचं कसं म्हणाल तर होमरचा असेल तेव्हा लाएर्तेस, शेक्सपिअरचा असेल तेव्हा लाएर्टीस.

आता टायटसवर हमखास येणारा आक्षेप, की पहिला अंक शेक्सपिअरचा नाहीच, त्याच काळातल्या जॉर्ज पील या नाटककाराचा आहे. बरेच अभ्यासक हे मानतात आणि त्यांचे शैलीचे मुद्दे कच्चे नाहीत. पण त्याने माझं काय बिघडलं? नाटक दोघांचं असेल तर दुसऱ्याने लिहिलेला अंक शेक्सपिअरने वाचल्याशिवाय पुढचे अंक लिहिले का? ओळ पीलची असो, ती शेक्सपिअरच्या कानावर पडली होती, आणि नाव कानावर पडायला ते स्वतः लिहावं लागत नाही.