लाँच मॉनिटरला चेंडूपासून कसे जपावे?

वाचकांचे प्रश्न : घरगुती गोल्फ सराव

प्रश्न : साताऱ्यात शाहूपुरीत आमच्या घराच्या तळमजल्यावरील बंद गॅरेजमध्ये मी गोल्फच्या सरावासाठी पडदा आणि मॅट बसवली आहे. खेळायचे मैदान गाठायचे तर खंबाटकी ओलांडून पुण्याला जावे लागते, त्यामुळे आठवडाभराचा सराव घरीच होतो. चेंडूच्या बाजूला जमिनीवर ठेवायचा, कॅमेऱ्यावर चालणारा लाँच मॉनिटर, म्हणजे फटका मोजणारे यंत्र, घेतला आहे. परवा वेजने, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या काठीने, मारलेला एक चेंडू सुटला तो थेट यंत्राच्या कोपऱ्याला घासून गेला. आमचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो की जाड पत्र्याची पेटी करून देतो. चिरंजीवांचे म्हणणे, समोर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लावावे. यांपैकी काय करावे?

उत्तर : पेटी अवश्य करावी, अ‍ॅक्रिलिक लावू नये, मात्र या दोन्हींच्या आधी यंत्राची आणि चेंडूची जागा तपासावी, कारण धोक्याचा मोठा भाग त्या जागेतूनच निर्माण होतो.

आपल्या प्रकारचे यंत्र चेंडूच्या पलीकडे, खेळाडूकडे तोंड करून ठेवलेले असते आणि चेंडू सुटतानाचा वेग, कोन व फिरकी कॅमेऱ्याने टिपून फटका किती लांब गेला असता याचा हिशेब करते. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत ही जागा लक्ष्यरेषेच्या उजवीकडे येते. क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, पात्याऐवजी दांडी जिथे पात्यात बसवलेली असते त्या गोल मानेवर, म्हणजे हॉझेलवर, चेंडू लागला की तो उजवीकडेच तिरका सुटतो. यालाच शँक म्हणतात. थोडक्यात, शँक जिकडे जातो त्याच बाजूला आपण यंत्र ठेवतो, आणि त्याला इलाज नाही, कारण कॅमेऱ्याला चेंडू व पाते दोन्ही त्याच बाजूने दिसतात. शँक हा मुख्यतः आयर्न (मधल्या अंतराचे क्लब) आणि वेजचा दोष आहे. लोक ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबच्या, फटक्याला भितात आणि तीस-चाळीस यार्डांच्या हलक्या वेजच्या वेळी निर्धास्त असतात. आपल्याकडेही चेंडू घासून गेला तो वेजचाच.

शँक झालेला चेंडू पूर्ण काटकोनात क्वचितच वळतो, बहुधा पुढे आणि उजवीकडे असा तिरका जातो. म्हणून यंत्राचा लक्ष्याकडचा कोपरा हीच सर्वांत उघडी जागा असते. समजा, चेंडू यंत्रापासून ३० सेंटिमीटर दूर आहे आणि तो कोपरा चेंडूच्या ९ सेंटिमीटर पुढे आहे. तर लक्ष्यरेषेपासून साधारण ७३ अंशांपेक्षा कमी वळलेला प्रत्येक चेंडू कोपऱ्याच्या पुढून निघून जाईल. तोच चेंडू लक्ष्याच्या दिशेने आणखी ५ सेंटिमीटर सरकवला तर ही मर्यादा ८२ अंशांवर जाते. (चेंडूची स्वतःची जाडी धरली तर दोन्ही आकडे थोडे उतरतात, पण फरक तेवढाच राहतो.) यंत्राच्या माहितीपुस्तिकेत चेंडू ठेवण्याचा जो चौकोन दिलेला असतो, त्यात चेंडू लक्ष्याकडच्या कडेला आणि यंत्रापासून जितका दूर चालेल तितका दूर ठेवावा. मॅटवर तेवढ्या जागेवर रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे सरावाच्या नादात चेंडू हळूहळू मागे येत नाही. या बदलाला खर्च शून्य आहे, आणि माझ्या मते पेटीपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे.

नव्या जागेची परीक्षा घेण्यासाठी यंत्र बाजूला काढून त्याच मापाचे पुठ्ठ्याचे खोके तिथे ठेवावे आणि एक-दोन आठवडे नेहमीसारखा सराव करावा. खोक्यावर पोचे कुठे पडले, समोरच्या बाजूला की मागे, हे पाहिल्यावर पेटीचा कोणता भाग जाड हवा ते आपोआप ठरेल. मागच्या बाजूला पोचे दिसले तर तो शँक नव्हे. चेंडू उजव्या भिंतीवर किंवा पडद्याच्या चौकटीवर आपटून परत येत आहे असे समजावे आणि आधी त्या भिंतीवर जाड फोम किंवा जुनी गादी लावावी.

आता पेटीविषयी. गोल्फच्या चेंडूचे वजन नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम आणि व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर असतो. ड्रायव्हरने सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटलेल्या चेंडूत सुमारे ८० ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे ताशी ११५ किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूत असते जवळपास तेवढीच, आणि ती त्याहून लहान जागेवर आदळते. बाजूला सुटणाऱ्या चेंडूचा वेग पुष्कळ कमी असला तरी पातळ पत्रा त्याला पुरत नाही. २ मिलिमीटर जाडीचा माइल्ड स्टीलचा पत्रा बेंडिंग मशीनवर वाकवून, कडा आत दुमडून घ्यावा. साताऱ्याच्या एमआयडीसीतील कोणत्याही शीट मेटलच्या कारखान्यात हे काम सहज होते.

पुढचा पत्रा कापताना मात्र कारागिरावर सोडून देऊ नये. कॅमेऱ्याच्या भिंगापुढची फट अरुंद बाजूने ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर चेंडू तिच्यातून आरपार जाऊच शकत नाही, फक्त थोडा आत घुसतो. ३५ मिलिमीटरच्या फटीत तो सुमारे ९ मिलिमीटर आत येतो, ३० मिलिमीटरच्या फटीत सुमारे ६. आदळताना चेंडू दबतो आणि पत्राही किंचित लवतो, हे धरून फट आणि भिंग यांच्यात २० मिलिमीटरचे अंतर ठेवावे. एकाहून अधिक भिंगे असतील तर त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेपुढे पत्र्याची पट्टी तशीच राहू द्यावी. अडचण अशी की फट जितकी लहान आणि जितकी पुढे, तितके कॅमेऱ्याचे दिसणे आक्रसते. म्हणून आधी तोच आकार पुठ्ठ्यात कापून यंत्रापुढे उभा करावा आणि आकडे पूर्वीसारखे येतात का, एखादा फटका नोंदायचा राहतो का, हे पाहून मगच तो पुठ्ठा साचा म्हणून कारखान्यात द्यावा. प्रकाश सोडणारे दिवे झाकले जात नाहीत ना, हेही त्याच वेळी कळेल.

पेटी आणि यंत्र यांच्यात सर्व बाजूंनी बोटभर मोकळी जागा असावी. दोन्ही एकमेकांना घट्ट बसवल्यास चेंडूचा दणका पत्र्यातून थेट यंत्रात उतरतो, आणि मग पेटी असून नसल्यासारखी होते. यंत्र आपल्या पायांवर, चेंडूखालच्या मॅटच्या पातळीत, स्वतंत्र उभे राहावे. पेटी खालच्या फळीला बोल्टने आवळावी. आतून चमक नसलेला काळा रंग द्यावा, कारण चकचकीत पत्र्यावरून प्रकाश परावर्तित होऊन कॅमेऱ्यात शिरतो. मागची बाजू पूर्ण बंद न करता तिला बरीच भोके ठेवावीत. एप्रिल-मेमध्ये बंद गॅरेजमधील उष्णतेत यंत्र तापते, शिवाय चारी बाजूंनी बंद पत्र्याच्या पेटीत वायफायचा सिग्नलही अडतो.

अ‍ॅक्रिलिक ठिसूळ असते, जोराच्या आघाताने ते फुटते आणि त्याचे टोकदार तुकडे भिंगावरच येतात. पॉलिकार्बोनेट हे दुसरे पारदर्शक प्लॅस्टिक पुष्कळ चिवट असले तरी बहुतेक यंत्रे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा झोत टाकतात, आणि समोरचा कोणताही पारदर्शक पत्रा त्यातला काही प्रकाश कॅमेऱ्याकडे परत फेकतो. त्यावर ओरखडे पडले की आकडे आणखी बिघडतात. चिरंजीवांची सूचना रास्त हेतूची आहे, पण ती या यंत्राला लागू पडत नाही.

प्रश्न : मी सांगलीला विश्रामबागेत राहतो. गच्चीवर क्रिकेटची नायलॉन जाळी लोखंडी पाइपांच्या चौकटीवर ताणून बांधली आहे. माझे यंत्र रडारवर चालणारे असून चेंडूच्या मागे सात फुटांवर ठेवतो. चेंडू पुढे जातो, यंत्र मागे आहे, तर मला संरक्षणाची गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि त्याचे कारण आपल्या प्रश्नातच आहे: ताणलेली जाळी आणि उघडे पाइप. लोखंडी पाइपवर आदळलेला गोल्फचा चेंडू आपला निम्म्याहून अधिक वेग राखून परत येऊ शकतो, आणि तो नेमका मागे येतो, जिथे यंत्र आहे आणि वाटेत आपणही उभे आहात. प्रत्येक उभ्या-आडव्या पाइपवर फोमची नळी चढवावी. एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात ती काळी नळी चालते, पण एका थराऐवजी दोन थर घ्यावेत.

जाळीचे मापही पाहावे. क्रिकेटच्या जाळीचे घर बऱ्याचदा ४० ते ५० मिलिमीटरचे असते. ४५ किंवा ५० मिलिमीटरच्या घरातून ४२.६७ मिलिमीटरचा चेंडू निसटू शकतो, आणि गच्चीवरून निसटलेला चेंडू कोणाच्या अंगणात जाईल याचा नेम नाही. गोल्फसाठी २५ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक घराची जाळी हवी. ती ताणू नये, सैल सोडावी आणि खालची कड मोकळी ठेवावी. तिच्या पुढे, चेंडू जिथे लागतो तिथे, एखादी जुनी घोंगडी वरून लोंबती बांधावी. माणदेशातल्या लोकरीच्या जाड घोंगडीला मी या कामात वरचा क्रमांक देईन; फटका लागला की ती मागे झुलते आणि चेंडू तिथेच खाली पडतो. ताडपत्रीने हे साधत नाही, कारण ती ताठ असते आणि चेंडू उलटा फेकते.

यंत्राभोवती पत्र्याची पेटी मात्र आपण करू नये. वरच्या पत्रातील सल्ला कॅमेऱ्याच्या यंत्रासाठी आहे. धातू रडारच्या लहरी अडवतो आणि परावर्तितही करतो. परत येणारे बरेचसे चेंडू जमिनीवरून घरंगळत येतात, तेव्हा यंत्राच्या पुढे त्याच्या दृष्टिरेषेच्या खाली राहील अशी वाळूची बुटकी पिशवी आडवी टाकावी. उन्हाळ्यात गच्चीवर स्टँडचा पंखा लावत असाल तर तो रडारच्या समोर येऊ देऊ नये, कारण रडार हालचालच मोजते आणि फिरती पाती त्याला हालचालच दिसतात.

प्रश्न : मी उजव्या हाताने खेळतो आणि मुलगी डाव्या हाताने. दोघांसाठी एकच पेटी चालेल का? (कऱ्हाड)

उत्तर : चालेल, पण मुलीची पाळी आली की यंत्र पेटीसह चेंडूच्या दुसऱ्या बाजूला न्यावे लागेल, आणि तेव्हा लक्ष्याकडचा कोपरा बदलेल. म्हणून पेटीची दोन्ही टोके सारख्याच जाडीची करून घ्यावीत आणि जमिनीवर दोन्ही जागा रंगाने आखून ठेवाव्यात. पाहुण्यांची मुले खेळायला आली की यंत्र उचलून कपाटात ठेवावे आणि त्यांना फोमचे चेंडू द्यावेत.

प्रश्न : यंत्राला चेंडू लागला, पण वरून काहीच झालेले दिसत नाही. काही तपासावे का? (मिरज)

उत्तर : आधी चार्जर काढून ठेवावा. आतील लिथियमच्या बॅटरीला दणका बसला असेल तर ती फुगू शकते. तळाशी फुगवटा, जास्तीची उष्णता किंवा उग्र गोडसर वास जाणवल्यास यंत्र पुन्हा चार्जिंगला लावू नये आणि घरापासून दूर, कोरड्या जागी ठेवून सेवा केंद्राशी बोलावे. असे काही नसेल तर टॉर्चचा उजेड तिरका पाडून भिंगावर केसाएवढी चीर आहे का ते पाहावे. त्यानंतर आपल्या नेहमीच्या एकाच आयर्नने वीस-पंचवीस फटके मारून त्यांची सरासरी आधीच्या नोंदींशी ताडावी. दिशेचा आकडा सातत्याने एकाच बाजूला झुकलेला दिसला तर आतला कॅमेरा जागचा हलला असण्याची शक्यता आहे, आणि ते घरी दुरुस्त होत नाही. सील स्वतः उघडू नये. चेंडू लागून झालेले नुकसान बहुतेक वॉरंटींमध्ये धरलेले नसते, तरी सील फुटले की उरलेल्या दोषांवरचा हक्कही जातो.